दसऱ्यानंतर गळणाऱ्या पापण्या

शेवगावपासून तेरा किलोमीटरवरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. माझं घर श्रीरामपूरचं. रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून शेवगावात, वस्ती विरळ होत जाते त्या बाजूला, एका दोन मजली सिमेंटच्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. खोलीला एकच मोठी खिडकी होती, मागच्या अंगणावर उघडणारी. खिडकीशी टेबल आणि वेताची खुर्ची आधीपासूनच ठेवलेली होती.

खाली घरमालकीण एकट्या राहायच्या. साठीच्या पुढच्या, विधवा, बोलणं मोजकं. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला बाई. त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे असं मला पहिल्या दिवशीच वाटलं, पण काय ते कळायला आठवडा लागला. त्यांच्या डोळ्यांना पापण्यांचे केसच नव्हते. पापण्यांच्या कडा लालसर, ओल्या, उघड्या पडल्यासारख्या. त्या बोलायला लागल्या की मी नकळत त्यांच्या कपाळाकडे किंवा हनुवटीकडे बघायचे.

पहिलं वर्ष दसऱ्यापर्यंत सरळ गेलं. दसरा झाला की त्या भागातल्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, शेरडं, म्हातारी माणसं आणि माझ्या वर्गातली निम्मीअधिक मुलं. चौतीस मुलांच्या वर्गात अकरा उरली. त्यातल्या एका मुलीनं जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्या गालावरून काहीतरी उचललं आणि म्हणाली, "बाई, पापनी पडली तुमची." ती तिनं माझ्या मुठीवर ठेवली. काहीतरी मागा आणि फुंकर मारा म्हणाली. मी फुंकर मारली. काय मागितलं ते आता आठवत नाही.

त्यानंतर पापण्या पडतच गेल्या. शाळेतून येऊन मी खिडकीशी वह्या तपासायला बसायचे आणि संध्याकाळी उठताना वहीच्या पानावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर बारीक काळे केस दिसायचे. कधी चार, कधी सात. डोळे दुखत नव्हते, खाज नव्हती. आरशात डाव्या पापणीला एक फट दिसायला लागली. हवा कोरडी झालीय, धूळ आहे, त्वचाही उललीय, तसंच हे असेल असं मी धरून चालले. संक्रांत गेली, उन्हं वाढली तसं ते थांबलं. होळीपर्यंत पापण्या परत आल्या. ऊसतोडीची मुलंही एकेक करून परत यायला लागली.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मी त्याला ऋतू म्हणायला लागले. झाडांची पानगळ असते, जनावरं हिवाळ्याच्या तोंडाशी केस बदलतात, तसं माझ्या डोळ्यांचं काहीतरी असेल. आईला फोनवर सांगितलं, तिनं एरंडेल लावायला सांगितलं. लावलं. फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच जाणवायला हवी होती. दिवाळीच्या सुट्टीत मी पंधरा दिवस श्रीरामपूरला होते आणि तिथं एकही पापणी पडली नाही. परत आले, खोलीचं कुलूप काढलं, वह्या घेऊन बसले, आणि दिवे लागणीच्या आत पाच पडल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी मी सावध होते. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले, तेव्हा मावशी अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं. माझ्या डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या कडांकडे.

"लागल्या का पडायला?" त्यांनी विचारलं.

मी शेवगावात कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही. मी त्यांना विचारलं की तुम्हाला कसं माहीत. त्यांनी परात पालथी घातली आणि त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून मला त्या घरात अवघड वाटायला लागलं. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची, कारण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जायचा जिना माझ्या खोलीतूनच होता. त्या रोज येऊन टाकी बघत, जाता जाता खोलीही झाडत. मला ते बरंच वाटायचं. आता मी एक दिवस मुद्दाम सहा पापण्या खिडकीच्या कट्ट्यावर तशाच ठेवल्या आणि खिडकी बंद करून शाळेत गेले. आले तेव्हा एकही नव्हती. बाकी कट्ट्यावरची धूळ जशीच्या तशी होती. कुणीतरी धूळ न पुसता फक्त पापण्या उचलल्या होत्या.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी लवकर आले. जिना चढताना माझ्या खोलीचं दार उघडं दिसलं. मावशी टेबलाशी वाकल्या होत्या. बोटाचं टोक जिभेला लावायच्या, टेबलावर हलकेच टेकवायच्या आणि बोटाला चिकटलेलं डाव्या हातातल्या कागदावर झटकायच्या. इतक्या सावकाश आणि इतक्या काळजीनं, की मला हाक मारायचा धीर झाला नाही. मी तशीच खाली उतरले, रस्त्यावर गेले आणि पंधरा मिनिटांनी चपला वाजवत परत आले.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. दुधासाठी त्या शेजारी गेल्या तेव्हा मी देव्हाऱ्याच्या फळीवर पाहिलं. हे करायला नको होतं, पण केलं. हळदकुंकवाच्या करंड्यामागं एक स्टीलची डबी होती. आत कागदाच्या चार पुड्या, प्रत्येकीला दोरा गुंडाळलेला. तीन पुड्यांचा कागद पांढरा होता. चौथीचा पिवळा पडून कडांना तुटत चालला होता. मी एक पांढरी पुडी उघडली. आत माझ्या पापण्या होत्या. दुसऱ्या पांढऱ्या पुडीतही. पिवळ्या पुडीतल्या पापण्या माझ्या नव्हत्या. त्या लांब होत्या, थोड्या भुरकट, आणि शेकडो होत्या.

मी डबी होती तशी ठेवली. चहा प्यायले.

शाळेतल्या एका वयस्कर बाईंना मी हे सांगितलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि उगाच घाबरवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की कुणी कुणाचे केस असे जपून ठेवत असेल तर त्याचा अर्थ आपल्याकडे एकच घेतात. करणी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. खोली सोड, एवढंच म्हणाल्या. मी विज्ञान शिकवणारी बाई. हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री दाराच्या कडीला ओढणी गुंडाळून झोपले.

रविवारी मी नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. खोलीत पडलेल्या पापण्या मी एका कागदात नेल्या होत्या. आता मीही पुडी बांधायला लागले होते. डॉक्टर माझ्याच वयाचे, शांत. केव्हापासून, कधी सुरू होतं, कधी थांबतं, हे त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ऋतूनुसार होतं. त्यांनी मान हलवली. पापणीच्या केसाला काही महिन्यांचंच आयुष्य असतं, असं त्यांनी समजावलं. तो वाढतो, थांबतो, पडतो, त्याच्या जागी नवा येतो; सगळे एकदम पडत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की केस जास्त गळतात असं बऱ्याच जणांना जाणवतं, पापण्यांचंही थोडंफार होत असेल. पण पापणीला फट पडावी इतकं नाही.

मग त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ पाहिलं. पुडीतले केस भिंगाखाली धरले.

"ह्या गळलेल्या नाहीत," ते म्हणाले. "आपोआप पडलेल्या केसाचं मूळ कोरडं असतं, बारीक गाठीसारखं. ह्यातल्या बहुतेकांच्या मुळाला आवरण चिकटून आलंय. पापणीवर काही खुंट अर्धवट तुटलेत. ह्या कुणीतरी ओढून काढल्यात. डाव्या डोळ्याच्या जास्त."

मी म्हणाले, मी एकटी राहते.

त्यांनी पेन बंद केलं, मग विचारलं, "झोपेत, दुपारच्या वेळी, कुणी खोलीत येऊ शकतं का?" आणि माझा चेहरा पाहून घाईनं म्हणाले की मी फक्त सगळ्या शक्यता विचारतोय. आठ दिवसांनी पुन्हा या.

नगरहून शेवगावला येताना एसटीत मला बसायला जागा मिळाली होती. खिडकीतून ज्वारीची शेतं जात होती. मी उशीवर डोकं टेकवून झोपलेय आणि ओलं बोट पुढं करून मावशी माझ्यावर वाकल्यात, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मी बोटांनी पापण्या झाकून घेतल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, चक्कर येतेय का.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी आणि स्क्रू आणले. दार आतून लावून घेतलं, नवी कडी बसवली, गच्चीच्या दारालाही आतून कडी घातली. मग खुर्चीवर बसून वह्या काढल्या. उरलेल्या मुलांचे निबंध होते, पावसाळ्यावर. ते संपले तेव्हा उन्हं अंगणाच्या भिंतीवर गेली होती. मी वही मिटली आणि पाहिलं. कट्ट्यावर पाच पापण्या होत्या.

दोन्ही कड्या लागलेल्या होत्या. मी पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. कुणी नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून किती वेळ उभी होते, ते माहीत नाही.

मंगळवारी मी मोबाईल फळीवर डब्याला टेकवून ठेवला, खुर्ची आणि खिडकी दोन्ही दिसतील असा, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. कड्या लावल्या. तासभर वह्या तपासल्या. मला काही जाणवलं नाही, कुणी आल्याचा आवाज नाही. उठले तेव्हा कट्ट्यावर चार होत्या. मी पलंगावर बसून ते रेकॉर्डिंग लावलं.

पहिली दहा मिनिटं एक बाई लाल पेननं खुणा करत होती. डावा हात गालावर टेकलेला. मग तो हात वर सरकला. अंगठा आणि पहिलं बोट पापणीच्या कडेवरून फिरायला लागले, आंधळं माणूस भिंत चाचपतं तसे. एका जागी थांबले. हलकासा झटका. मग त्या हातानं तो केस ओठावर आणला, वरच्या ओठावरून हळू फिरवला आणि कट्ट्यावर ठेवला. पहिल्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा, सरळ रेषेत. उजवा हात लिहीतच होता. त्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यावर काहीच नव्हतं, कंटाळा नाही, वेदना नाही. हात तिचा नसल्यासारखा होता.

मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा खिडकीतून पलीकडे, अंगणाच्या टोकाला, भिंतीजवळ मला मावशी दिसल्या. त्या हातातलं घमेलं तशीच धरून वर बघत उभ्या होत्या. पूर्ण तासभर नाही, पण वीस मिनिटं तरी त्या तिथून हलल्या नव्हत्या.

मी कडी काढून खाली गेले. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी थोडंसं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"डावा हात जातो तुमचा," त्या म्हणाल्या. "तीन वरसं बघती मी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"एकदा बोलले हुते," त्या म्हणाल्या. "लई बोलले हुते."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. खुपऱ्या गेल्या, पण पापण्या आत वळल्या आणि केस बुबुळाला घासायला लागले. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की डोळा उघडवत नसे. नवऱ्याला वेळ नव्हता, दवाखाना लांब. त्यांची मुलगी आठ वर्षांची होती, नजर तीक्ष्ण. तिच्या हातात चिमटा दिला. दर पंधरवड्याला, शाळा सुटल्यावर, वरच्या खिडकीतल्या उजेडात आईला वेताच्या खुर्चीवर बसवून ती आईच्या पापण्या एकेक करून उपटायची. थंडी संपेपर्यंत. तिसऱ्या हिवाळ्यात मावशींना कळलं की मुलगी चिमट्याशिवाय, आपल्याच बोटांनी, आपल्याही पापण्या काढतेय.

त्यांनी मारलं, शपथा घातल्या, देव केले. मुलीचे केस कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून वेचून पुडीत ठेवले, पैठणला नदीत सोडायचे म्हणून. ते राहूनच गेलं. मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली. बघायला माणसं येणार होती. पापण्या वाढाव्यात म्हणून मावशींनी दोन महिने रोज दुपारी तिचे हात ओढणीनं खाटेच्या माचव्याला बांधून ठेवले, त्या वरच्याच खोलीत. पापण्या आल्या. लग्न झालं. वर्षभरात सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं, डोळे बघवत नाहीत म्हणून. दोन दिवस राहून ती पुण्याला गेली. एका दवाखान्यात रुग्णांची सेवा करते, असं कुणाकडून तरी कळलं होतं. तेरा वर्षं ती आली नव्हती.

"तुमी खुर्चीवर बसला आन तसाच हात गेला," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, बोलले तर तुमीबी जाल."

मी त्यांना विचारलं की तुमच्या पापण्या आता कोण काढतं. त्यांनी दोन बोटं उचलून दाखवली. आरशाशिवाय, नुसत्या स्पर्शानं. अजून घासतात, म्हणाल्या.

आठ दिवसांनी मी डॉक्टरांना रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. हे पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांना आपण करतोय हे कळतच नाही, असं म्हणून त्यांनी मला मनोविकारांच्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी खुर्ची, खिडकी, घर यांबद्दल काहीच विचारलं नाही. दसऱ्यानंतर तुमच्या दिवसात नेमकं काय बदलतं, एवढंच विचारलं. मी म्हणाले, मुलं जातात. तीन वर्षं मी त्याला ऋतू म्हणत होते.

त्यांनी सांगितलेले उपाय साधे होते. डाव्या हाताच्या बोटांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे हात वर गेला की कळतं. ज्या वेळी होतं त्या वेळी एकटं बसायचं नाही. मी संध्याकाळी वह्या घेऊन खाली मावशींच्या पडवीत बसायला लागले. त्या समोर तूर निवडायच्या. माझा हात गालापर्यंत गेला की त्या बोलायच्या नाहीत, नुसती सुपाची कड टकटक वाजवायच्या. पहिल्या आठवड्यात सूप किती वेळा वाजलं याचं मलाच भय वाटलं. हात गेलेला मला एकदाही आठवत नव्हता.

फाल्गुनात पापण्या भरल्या. त्या महिन्यात मावशींनी मला चुरगळलेल्या कागदावरचा मुलीचा नंबर दिला आणि फोन लावायला सांगितलं. त्या स्वतः बोलल्या नाहीत. मी मुलीला माझी ओळख सांगितली, खोलीबद्दल सांगितलं, आणि मग, का ते माहीत नाही, माझ्या हाताबद्दलही सांगितलं. मग तिनं विचारलं, "आईच्या पापण्या आता कोण काढतं?" मी सांगितलं. ती येते म्हणाली.

ती चैत्रात आली, दुपारच्या गाडीनं. चाळिशीची, केस आखूड, जाड काळ्या काड्यांचा चष्मा. आईकडे पाहून ती दारातच थांबली. मावशीही उठल्या नाहीत. मग ती माझ्याबरोबर वर आली, खुर्चीला हात न लावता खिडकीशी उभी राहिली. चष्म्यामागं तिच्या पापण्या विरळ होत्या, पण होत्या.

"केस निघतो ना ताई, त्या वेळी बोटाला एक बारीक झटका लागतो," ती म्हणाली. "आई विव्हळायची आणि मग लगेच म्हणायची, बरं वाटलं. मला वाटायचं, माझ्यामुळं बरं वाटलं."

तो झटका माझ्या बोटांना ओळखीचा होता, आणि हे तिला कळलं असावं, कारण ती माझ्या हाताकडे बघत होती.

तिनं आईला चार दिवसांत पुण्याला नेलं. आत वळलेल्या पापण्यांवर छोटी शस्त्रक्रिया असते, ती तिथं झाली. तीस वर्षांपूर्वीही झाली असती. मावशी महिन्यानं परत आल्या. पापण्यांवर टाक्यांच्या खुणा होत्या आणि कडांवर, बाहेरच्या बाजूला वळलेले, बारीक पांढरे केस उगवत होते. त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होत्या आणि मला ते सहन होत नव्हतं. त्या म्हणाल्या की मुलगी दर दोन महिन्यांनी येणार आहे. डबी देव्हाऱ्याच्या फळीवर नव्हती. कुठं गेली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जूनमध्ये माझी बदली झाली, भिंगारजवळच्या शाळेत. तिथला वर्ग दसऱ्यानंतर रिकामा होत नाही. तरी त्या दिवसांत मी वह्या घरी आणत नाही. शाळेतच, इतर शिक्षकांमध्ये बसून तपासते. ते रेकॉर्डिंग मी काढून टाकलं. पण कधीतरी बसमध्ये, बँकेच्या रांगेत, एखादी बाई डावा हात गालावर टेकवून शून्यात बघताना दिसते, आणि मी तिथंच थांबून राहते, हात वर जातोय का ते बघत.